डोळस डॉक्टर हेन्री कार्टर

[शरीराची सुंदर चित्रे काढणारा एक तरुण डॉक्टर इंग्लंडहून मुंबईला आला. अनवाणी चालणाऱ्या गरीब शेतकऱ्यांच्या पायाला होणारा एक भयंकर आजार त्याने बारकाईने पाहिला आणि त्याचे कारण शोधले. डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांच्या जीवनाची व कार्याची ओळख या पाठात करून दिली आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, पावसाळ्यात तुम्ही एक गोष्ट नक्की पाहिली असेल. चार-आठ दिवस न वापरलेल्या चामड्याच्या बुटांवर पांढरी-हिरवी लव उगवते. डब्यात राहिलेल्या पावावर काळे ठिपके दिसू लागतात. ओलसर भिंतीवर डाग पडतात. ही सारी करणी बुरशीची. उर्दूत तुम्ही तिला फफूंद म्हणता. पवईसारख्या तलावाकाठच्या वस्तीत हवा दमट असते. तेथे तर बुरशी कपाटातल्या पुस्तकांनाही सोडत नाही.

बुरशीच्या हजारो जाती आहेत. त्यांपैकी बहुतेक आपल्याला काहीच त्रास देत नाहीत. उलट त्या आपल्या उपयोगी पडतात. झाडांची गळलेली पाने कुजवून त्या जमीन सुपीक करतात. पावाचे पीठ फुगवणारे यीस्ट ही एक बुरशीच आहे. पेनिसिलिन हे औषधही बुरशीपासूनच मिळाले. आपले शरीर गरम असते. एवढी उष्णता बहुतेक बुरशींना सोसत नाही. म्हणून त्या आपल्या शरीरात राहू शकत नाहीत.

पण काही थोड्या बुरशी याला अपवाद आहेत. त्या शरीरात शिरतात, तेथेच घर करतात आणि वर्षानुवर्षे हटत नाहीत. अशाच एका आजाराचा शोध आपल्या मुंबईत आणि साताऱ्यात राहून एका डॉक्टरांनी घेतला. त्यांचे नाव हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. त्यांची हकिकत आता ऐका.

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधील हल या गावी झाला. त्यांचे वडील हेन्री बार्लो कार्टर हे नावाजलेले चित्रकार होते. समुद्र, जहाजे आणि किनारे यांची चित्रे ते जलरंगांत काढत. पुढे हे कुटुंब समुद्रकाठच्या स्कारबरो या गावी राहू लागले. घरात रंग, ब्रश आणि कागद यांचाच पसारा असे. हेन्रींचा धाकटा भाऊही चित्रकार झाला. हेन्रींचा हातही चित्रकलेत चांगला होता. परंतु त्यांनी वडिलांचा व्यवसाय न निवडता डॉक्टर होण्याचे ठरवले.

वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी ते लंडनला गेले. सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये त्यांचे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. घरची परिस्थिती बेताची होती. शिकता शिकता चित्रे काढून ते थोडे पैसे मिळवत. त्या काळी कॅमेरा नवा होता आणि पुस्तकात छायाचित्रे छापण्याची सोय नव्हती. त्यामुळे शरीराच्या आतील भाग विद्यार्थ्यांना समजावून द्यायचे तर हाताने काढलेल्या चित्रांचाच आधार असे.

मित्रांनो, चित्र काढणे म्हणजे केवळ हाताची कला आहे, असे तुम्हांला वाटत असेल. पण चित्र काढण्याआधी वस्तू नीट पाहावी लागते. एखादी शीर कोठून निघते, कोठे वळते, कोणत्या हाडाखालून जाते, हे डोळ्यांनी बरोबर टिपले नाही तर कागदावर उतरत नाही. कार्टर यांना ही पाहण्याची सवय लहानपणीच लागली होती. पुढे आयुष्यभर हीच सवय त्यांच्या कामाला आली.

सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये हेन्री ग्रे नावाचे एक हुशार डॉक्टर शिकवत होते. विद्यार्थ्यांसाठी शरीररचनेचे एक चांगले आणि सोपे पुस्तक लिहावे, असे त्यांच्या मनात आले. मजकूर ग्रे यांनी लिहायचा आणि चित्रे कार्टर यांनी काढायची, असे ठरले. दोघांनी मिळून सुमारे दीड वर्ष शवविच्छेदन केले. कार्टर यांनी साडेतीनशेहून जास्त चित्रे तयार केली. अवयवाचे नाव त्यांनी चित्रातच, त्या त्या भागावर लिहिले. त्यामुळे विद्यार्थ्यांना नाव आणि जागा एकाच वेळी लक्षात ठेवता येऊ लागली. १८५८ साली हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आज जगभर ते ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या नावाने ओळखले जाते. दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत आहेत.

पण या पुस्तकाच्या बाबतीत कार्टर यांच्यावर अन्याय झाला. ग्रे यांना पुस्तकाच्या दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळायचे होते. कार्टर यांना मात्र एकदाच १५० पौंड देऊन त्यांचा हिशेब मिटवण्यात आला. छपाईच्या वेळी पहिल्या पानावर दोघांची नावे मोठ्या अक्षरांत येणार होती. ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान अक्षरांत घ्यायला लावले आणि त्यांचे मुंबईतील नवे पद गाळून टाकले. पुढे पुस्तक ग्रे यांच्याच नावाने गाजले. ज्यांच्या चित्रांमुळे ते लोकांना आवडले, त्यांचे नाव लोक विसरून गेले.

हे घडत होते तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हते. त्यांनी भारतात वैद्यकीय नोकरी पत्करली होती. पुस्तक बाजारात येण्याआधीच, १८५८ सालच्या सुरुवातीला, ते बोटीने मुंबईकडे निघाले होते. त्या वेळी ते सत्तावीस वर्षांचेही नव्हते.

मुंबईत भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला लागूनच सर जमशेटजी जीजीभाई हॉस्पिटल होते. आज आपण त्याला जे. जे. हॉस्पिटल म्हणतो. या दोन्ही संस्था १८४५ साली सुरू झाल्या होत्या. कार्टर कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय शिकवू लागले आणि हॉस्पिटलात रुग्णांना तपासू लागले.

तेव्हाची मुंबई आजच्यासारखी पसरलेली नव्हती. पवई शहराबाहेर, साष्टी बेटावर होती. तेथे डोंगर, झाडी आणि शेते होती. आजचा पवई तलावही तेव्हा नव्हता. तो १८९० च्या सुमारास, कार्टर मुंबई सोडून गेल्यावर, बांधला गेला. साष्टी असो की कोकण, देश असो की गुजरात, सगळीकडे शेतकरी आणि मजूर अनवाणीच चालत. चिखलात, बांधावर, बाभळीच्या काट्यांतून त्यांचे पाय रोज जात. पायात काटा मोडणे ही रोजचीच गोष्ट होती. काटा काढायचा, पायाला थोडी माती लावायची आणि पुन्हा कामाला लागायचे, अशी सर्वांची रीत होती.

यांतल्या काही लोकांच्या पायात पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी एक बारीक गाठ येई. ती दुखत नसे, म्हणून कोणी तिच्याकडे लक्ष देत नसे. गाठ हळूहळू वाढे. पाय सुजून बेढब होई. मग त्यावर छिद्रे पडत आणि नासुरासारखा पू वाहू लागे. नवल म्हणजे त्या पुवाबरोबर बारीक बारीक कण बाहेर पडत. कोणाच्या पायातून बंदुकीच्या दारूसारखे काळे कण येत, तर कोणाच्या पायातून खसखशीसारखे फिकट कण येत. शेवटी आजार हाडांपर्यंत जाई. पाय आतून पोखरला जाई. माणूस चालू शकत नसे, शेतावर जाऊ शकत नसे. पोट हातावर असलेल्या घरातला कर्ता माणूसच असा बसला, तर त्या घराचे काय होत असेल, याचा तुम्हीच विचार करा.

हा आजार नवा नव्हता. जुन्या वैद्यक ग्रंथांत पायावरच्या अशा गाठींना वारुळाची उपमा दिलेली आहे, असे अभ्यासक मानतात. वारुळाला जशी भोके असतात, तशी त्या पायाला असतात. १८४२ साली दक्षिणेतील मदुराई येथे गिल नावाच्या डॉक्टरांनी असे रुग्ण पाहिले होते. त्या गावावरून लोक या आजाराला मदुरा पाय म्हणू लागले. परंतु तो कशामुळे होतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच्यावर औषधही नव्हते. पाय कापणे हाच एक इलाज होता.

जे. जे. हॉस्पिटलात असे रुग्ण येत. शस्त्रक्रिया होई आणि कापलेला पाय बाजूला ठेवला जाई. बहुतेकांच्या दृष्टीने तेथेच काम संपत असे. कार्टर यांचे काम मात्र तेथून सुरू होई. ते तो पाय उभा चिरून पाहत. हाडात कोठे पोकळी झाली आहे, एका पोकळीतून दुसरीकडे वाट कशी जाते, कण कोठे साठले आहेत, हे सारे ते टिपून घेत आणि त्याचे रंगीत चित्र काढत. मग ते कण काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवत.

यंत्रातून त्यांना काय दिसले? काळा कण म्हणजे साधा घाणीचा खडा नव्हता. तो बारीक बारीक तंतूंचा एकमेकांत गुंतलेला गोळा होता. पावावरच्या बुरशीचे तंतू असतात, तसेच ते तंतू होते. याचा अर्थ, माणसाच्या पायात, अगदी हाडाच्या आत, बुरशी वाढत होती!

कातडीवरच्या नायट्यासारख्या काही आजारांचे कारण बुरशी असते, हे युरोपातील डॉक्टरांना माहीत झाले होते. पण बुरशी शरीरात खोल जाऊन हाडे पोखरू शकते, ही कल्पना त्या काळाला नवी होती. रोगजंतूंविषयीचे पाश्चर आणि कॉख यांचे मोठे शोध अजून व्हायचे होते. रोग वाईट हवेमुळे होतात, असे अनेक नामवंत डॉक्टरही मानत. अशा वेळी, १८६० साली, कार्टर यांनी मुंबईच्या वैद्यकीय मंडळाच्या ग्रंथात आपला अभ्यास प्रसिद्ध केला. या आजाराला त्यांनी ‘मायसेटोमा’ असे नाव दिले. मायसेटोमा म्हणजे बुरशीची गाठ. आजही जगभर हेच नाव चालते.

१८६३ साली कार्टर यांची बदली साताऱ्याला झाली. तेथे ते जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन म्हणजे मुख्य सरकारी डॉक्टर होते. सातारा हा शेतकऱ्यांचा मुलूख. मुंबईच्या कॉलेजातील सोयी तेथे नव्हत्या. तरीही १८७२ पर्यंत, जवळजवळ नऊ वर्षे, त्यांनी रुग्ण तपासण्याचे, टिपणे करण्याचे आणि चित्रे काढण्याचे काम चालू ठेवले.

त्यांच्यापुढे एक मोठी अडचण होती. कण बुरशीचेच आहेत, हे सिद्ध करायचे तर ती बुरशी शरीराबाहेर वाढवून दाखवायला हवी होती. कार्टर यांनी कणांपासून बुरशी वाढवण्याचा प्रयत्न केला. एक गुलाबी रंगाची बुरशी उगवली. हीच ती असावी, असे त्यांना वाटले. इंग्लंडमधील बुरशीचे मोठे अभ्यासक बर्कली यांनी त्या बुरशीला कार्टर यांचे नावही दिले. परंतु ती खरी बुरशी नव्हती. हवेतून आलेल्या भलत्याच बुरशीने तेथे घर केले होते. तुमच्या घरातील पावावर जशी आपोआप बुरशी येते, तसाच हा प्रकार होता.

यामुळे कार्टर यांच्या म्हणण्यावर शंका घेतली जाऊ लागली. १८७४ साली त्यांनी या आजारावर स्वतःच्या चित्रांसह एक संपूर्ण पुस्तक प्रसिद्ध केले. पण पुढच्याच वर्षी कलकत्त्याचे लुईस आणि कनिंगहॅम या दोन नामवंत संशोधकांनी बुरशी हे या आजाराचे कारण असल्याचे नाकारले. आधी पाय आतून बिघडतो आणि बुरशी मागून येते, असा त्यांचा समज होता.

मग खरे कोणाचे ठरले? उत्तर मिळायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. १८९४ साली व्हिन्सेंट या फ्रेंच डॉक्टरांनी फिकट कणांतून एक सूक्ष्मजीव वाढवून दाखवला. तो बुरशीसारखे तंतू करणारा, पण जिवाणूंच्या जातीचा निघाला. नंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काळ्या कणांचा उलगडा झाला. त्यांत खरोखरच बुरशी होती. मदुराईच्या नावावरून तिला ‘मदुरेला’ हे नाव मिळाले. म्हणजे काळ्या कणांविषयी कार्टर यांचे म्हणणे पूर्ण बरोबर होते. काळे कण वेगळे आणि फिकट कण वेगळे, ही त्यांनी डोळ्यांनी ओळखलेली विभागणीही खरी ठरली. आज उपचार याच विभागणीवरून ठरतात. फिकट कणांच्या बऱ्याच प्रकारांवर जिवाणूंवरील औषधे लागू पडतात. काळ्या कणांच्या बुरशीवर मात्र महिनोन्‌महिने औषध घ्यावे लागते आणि पुष्कळदा शस्त्रक्रियाही करावी लागते.

ही बुरशी शरीरात इतकी टिकून कशी राहते, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. बाहेरून कोणी शत्रू शिरला की त्या त्याच्यावर तुटून पडतात. बुरशी एकेकटी असती तर तिचा टिकाव लागला नसता. म्हणून ती किल्ला बांधते! तिचे तंतू एकमेकांना घट्ट चिकटून गोळा करतात. त्याभोवती सिमेंटसारखा कठीण थर जमतो. कार्टर यांनी पाहिलेला काळा कण म्हणजे हाच किल्ला. पांढऱ्या पेशी त्याला वेढा घालून बसतात, पण आत शिरू शकत नाहीत. औषधही आत नीट पोहोचत नाही.

या कणाचा काळा रंगही वाया जात नाही. तो मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे आलेला असतो. आपल्या केसांना काळा रंग देणारे द्रव्यही याच जातीचे आहे. हे मेलॅनिन बुरशीसाठी ढालीचे काम करते. पांढऱ्या पेशींनी सोडलेली विषारी द्रव्ये आणि काही औषधे यांचा मारा त्यामुळे बोथट होतो. शिवाय गाठ सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस वेळेवर डॉक्टरांकडे जात नाही. तोवर किल्ल्याला किल्ले जोडले जातात.

आणखी एक अडचण आहे. बुरशीच्या पेशींची रचना जिवाणूंपेक्षा आपल्याच पेशींना अधिक जवळची असते. त्यामुळे बुरशीला मारेल पण माणसाला अपाय करणार नाही, असे औषध शोधणे कठीण जाते. म्हणूनच बुरशीवरील औषधे आजही थोडी आहेत.

आता पुन्हा कार्टर यांच्याकडे वळू. ते केवळ एकाच आजाराच्या मागे लागले नव्हते. भारतातील कुष्ठरोग्यांचे हाल पाहून त्यांनी त्या रोगाचाही अभ्यास केला. रजा मिळाल्यावर ते नॉर्वेला गेले. तेथे हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी कुष्ठरोगाचे जंतू शोधून काढले होते. कार्टर यांनी तेथील रुग्णालये पाहिली आणि ती सारी माहिती इंग्रजीत आणून इतर डॉक्टरांपर्यंत पोहोचवली. हा रोग पिढीजात असतो, असे ते आधी समजत होते. पुरावा दिसताच त्यांनी आपले मत बदलले.

१८७५ साली ते भारतात परत आले. पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. हजारो भुकेली माणसे मुंबईत आली. १८७७ साली त्यांच्यात एका तापाची साथ पसरली. हा ताप काही दिवस राही, उतरे आणि पुन्हा उलटून येई. कार्टर यांनी रुग्णांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना त्यात स्क्रूसारखे पिळदार जंतू वळवळताना दिसले. हे काम करताना त्यांना स्वतःलाच त्या तापाची लागण झाली. दुखण्यातून उठल्यावर त्यांनी तेच काम पुन्हा हाती घेतले. १८८२ साली या तापावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. त्याबद्दल ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने त्यांना पारितोषिक दिले. मलेरियाचे जंतू भारतात सर्वप्रथम पाहणाऱ्यांमध्येही त्यांची गणना होते.

याच काळात ते ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. तीस वर्षांची नोकरी करून १८८८ साली ते निवृत्त झाले आणि स्कारबरोला परतले. १८९० साली राणी व्हिक्टोरियाचे मानद सर्जन म्हणून त्यांची नेमणूक झाली. ४ मे १८९७ रोजी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते सहासष्ट वर्षांचे व्हायचे होते.

मित्रांनो, कार्टर यांना जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. पण मायसेटोमा अजून संपलेला नाही. भारत, सुदान, सेनेगल, मेक्सिको अशा देशांत तो आजही आढळतो. तो गरिबांचा आजार असल्यामुळे त्याच्याकडे फार दिवस दुर्लक्ष झाले. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित आजारांच्या यादीत त्याचा समावेश केला. २०२१ साली कोरोनाच्या काळात ‘काळी बुरशी’ हा शब्द तुम्ही घरीदारी ऐकला असेल. तो म्युकरमायकोसिस नावाचा वेगळा आजार होता. महाराष्ट्रातही त्याचे पुष्कळ रुग्ण सापडले. तेव्हा बुरशी किती घातक ठरू शकते, हे सर्वांना कळले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने माणसाला धोकादायक असलेल्या बुरशींची पहिली यादी जाहीर केली. त्या यादीत मायसेटोमाच्या बुरशीही आहेत.

ज्या पवईत कार्टर यांच्या काळी शेते आणि झाडी होती, तेथे आज १९५८ साली स्थापन झालेली आय. आय. टी. ही मोठी संस्था उभी आहे. अभियांत्रिकीबरोबर तेथे जीवशास्त्राचाही अभ्यास होतो. आजच्या संशोधकांजवळ कार्टर यांच्यापेक्षा कितीतरी शक्तिशाली यंत्रे आहेत. बुरशी शरीरात कशी शिरते, पांढऱ्या पेशींना कशी चकवते, औषधांना कशी दाद देत नाही, हे आता तिच्या जनुकांपर्यंत जाऊन पाहता येते. तुमच्यापैकी कोणी उद्या अशा प्रयोगशाळेत काम करील. तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. यंत्र मोठे असले तरी पाहणारा डोळा आपलाच असतो.

आणि आज तुम्हांला काय करता येईल? शेतात, बागेत किंवा चिखलात जाताना पायात चप्पल-बूट घाला. काटा मोडला तर तो काढून जखम साबणाने स्वच्छ धुवा. पायात न दुखणारी गाठ आली आणि ती वाढत असेल, तर दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. आजार लवकर कळला तर पाय वाचतो.

कार्टर यांचे नाव एका प्रसिद्ध पुस्तकावर बारीक अक्षरांत छापले गेले. पण ज्या शेतकऱ्यांच्या पायांवरून ते शिकले, त्यांची नावे तर आज आपल्याला ठाऊकही नाहीत. त्यांनी आपले पाय गमावले आणि त्यातून पुढच्या रुग्णांचे पाय वाचवण्याची वाट सापडली. या आजारावर आज जो इलाज होतो, त्यात त्या अनवाणी माणसांचाही वाटा आहे. कार्टर यांची आठवण काढताना आपण त्यांचीही आठवण ठेवूया.

शब्दार्थ

डोळस – नीट पाहून विचार करणारा
लव – बारीक, मऊ केस. येथे बुरशीचा मऊ थर
करणी – केलेले काम
बेताची परिस्थिती – फार पैसा नसलेली स्थिती
शवविच्छेदन – अभ्यासासाठी मृत शरीर कापून पाहणे
बेढब – आकार बिघडलेला
नासूर – सतत वाहणारी, लवकर भरून न येणारी जखम
वारूळ – मुंग्यांनी किंवा वाळवीने केलेले मातीचे घर
नायटा – कातडीवर होणारा, खाज सुटणारा बुरशीचा आजार
पिढीजात – आईवडिलांकडून मुलांकडे येणारा
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कार्टर यांचे वडील कोण होते?
(आ) मायसेटोमा या शब्दाचा अर्थ काय?
(इ) साताऱ्याला कार्टर कोणत्या पदावर होते?
(ई) पवईच्या आय. आय. टी. ची स्थापना कोणत्या साली झाली?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या पुस्तकाच्या बाबतीत कार्टर यांच्यावर कोणता अन्याय झाला?
(आ) काळ्या कणाला ‘किल्ला’ का म्हटले आहे?
(इ) कार्टर यांच्या म्हणण्यावर शंका का घेतली गेली? शेवटी काय खरे ठरले?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) बहुतेक बुरशी माणसाच्या शरीरात राहू शकत नाहीत.
(आ) मदुरा पायाचे रुग्ण डॉक्टरांकडे उशिरा जात.

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
घर करणे, तुटून पडणे, टिकाव लागणे, पोट हातावर असणे.

प्र. ५. पावाचा ओलसर तुकडा झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा. बाटली न उघडता आठ दिवस रोज पाहा. दिसेल ते लिहा आणि त्याचे चित्र काढा. नंतर बाटली न उघडताच टाकून द्या.